मडकं जावेनं उघडलं

पोपटी म्हणजे पोपट नव्हे, हे आधीच सांगून टाकते. कर्जतच्या बाजूला एका फार्महाउसवर मुंबईच्या एका बाईंनी मला भर अंगणात उभं केलं होतं. "मुक्या जिवाला मडक्यात कोंडून भाजता, काही वाटत नाही का हो?" मी म्हटलं, "बाई, वालाच्या शेंगा आहेत त्या." त्यांचा विश्वास बसेना. मडकं उघडेपर्यंत त्या आमच्याकडे पाठ करून बसल्या, आणि उघडल्यावर सगळ्यांत जास्त शेंगा त्यांनीच खाल्ल्या. जाताना घरी बांधूनही नेल्या.

मी पोपटीवाली. खरं तर 'होते' असं लिहायला पाहिजे, पण हात तसा वळत नाही. कुंभिवलीच्या आतल्या अंगाला आमचं गाव. भाताची शेती, आणि भात कापलं की त्याच ओलीवर वाल. वालाला शेंगा धरल्या, जरा थंडी पडली, की आमच्याकडे घरोघरी पोपटी लागते. घरची ही हौस मी धंद्याला लावली. खालापूर, कर्जत, पार शेलूपर्यंतच्या ऑर्डरी घेतल्या. दिवाळी अंकासाठी कामाविषयी काहीतरी लिहा असं सांगणं आलं, तेव्हा मनात म्हटलं, चांगलंचुंगलं लिहिणारे पुष्कळ असतील. आपण आपलं पोटात दुखलं ते लिहावं.

पोपटी कशी लावतात ते थोडक्यात सांगते, म्हणजे माझं कुठं दुखलं ते कळेल. मातीचं मडकं घ्यायचं. त्याच्या बुडाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. भांबुर्डा ही शेताच्या बांधावर आपसूक उगवणारी वनस्पती; थंडीत फोफावते, आणि तिला ओव्याच्या जवळ जाणारा उग्र वास असतो. पाल्यावर वालाच्या शेंगा, ओवा, खडेमीठ, मग मसाला लावलेली कोंबडी पाल्यात गुंडाळून, अंडी, बटाटे आणि वर पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला असा दाबून बसवायचा की मडकं उपडं केलं तरी आतलं जागचं हलता कामा नये. तेल नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. मग मडकं जमिनीवर उपडं घालून त्याच्याभोवती पेंढा, पातेरा, शेणी रचायच्या आणि पेटवायचं. आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. जाळ सरत आला की मडक्याच्या पाठीवर पाण्याचा हबका मारायचा. चर्र होऊन पाणी जागच्या जागी उडालं की समजायचं, झाली.

पण खरी गंमत उघडण्यात आहे. मडकं सुलटं करून तोंडाचा पाला उपसला की जी वाफ येते, तिच्यासाठीच माणसं ताटकळत बसलेली असतात. सगळी एकदम पुढं वाकतात आणि म्हणतात, "आहाहा!" तो आहाहा ऐकायची सवय फार वाईट. चहाची सुटेल, तंबाखूची सुटेल, ही सुटत नाही.

आमच्या सासूबाईंचा एक दंडक होता. "जी भरील तिनंच उघडायचं. मधी दुसरा हात लागला का शेंगा कच्च्या ऱ्हातात." खरंच राहतात का, हे कधी कुणी करून बघितलं नाही. थोरली म्हणून मडकं भरायचा मान माझ्याकडे आला, आणि भरायचं माझ्याकडे म्हणून उघडायचंही माझ्याचकडे. माझी धाकटी जाऊ मंदा. पाला आणणं, पेंढा रचणं, जाळ राखणं आणि मागची राख ओढून जागा साफ करणं, ही तिची कामं. आम्ही दोघींनी वीसेक हिवाळे असे काढले. भांडलो नाही असं नाही, पण जाळाजवळ कधी भांडलो नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! शेलूला नव्या बिल्डिंगींतली नोकरदार मंडळी गच्चीवर पोपटी करायची म्हणून मागं लागली होती. त्यांचे सेक्रेटरी म्हणजे मोठे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, "मावशी, धूर न करता होईल का?" मी म्हटलं, "होईल की. न पेटवता करू." ते वहीत लिहूनच घेणार होते, पण त्यांच्या बायकोला हसू फुटलं. शेवटी बिल्डिंगीच्या मागच्या पडीक जागेत पोपटी लावली. तिथं एका तरुण नवऱ्यानं जाळ सरायच्या आधीच मडकं उचलून बघितलं, आत शिजलंय का म्हणून. त्याच्या पोळलेल्या हातांवर फुंकर घालायला त्याची सासू धावली, बायको नाही. असल्या गोष्टी आमच्या नजरेतून सुटत नाहीत.

आणि एकदा तर आब्रूच जायची वेळ आली होती. कर्जतकडे एका शेठच्या वडिलांचा वाढदिवस, पाहुण्यांनी अंगण भरलेलं, आणि आम्ही नेलेला पाला टेंपोत उन्हानं करपून चुरा झालेला. दुसरा आणावा तर आजूबाजूच्या सगळ्या बांधांवर तणनाशक मारलेलं. शेठ म्हणाले, "कोबीची पानं चालतील का? केळीची?" मी म्हटलं, "मग त्याला पोपटी नका म्हणू, दुसरं काहीतरी म्हणा." तोंडानं असं ठणकावलं खरं, पण पाला आणायचा कुठून ते मलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मंदा कुठं नाहीशी झाली. म्हटलं, ऐन वेळी ही गेली कुठं? ती उगवली ती डोक्यावर भांबुर्ड्याचा भारा घेऊनच. कालव्याच्या पलीकडे जाऊन आणला होता. पायाला काटे बोचलेले, साडी फाटलेली. मी मडकी भरली, तिनं जाळ केला, मी उघडलं. शेठचे वडील काठी टेकत पुढं आले, वाफ नाकात घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अन्नपूर्णा आहेस गं." तो हात मला अजून आठवतो. त्या वेळी मंदा कुठं होती, हे मात्र आठवत नाही. राख ओढत असेल.

मग माझा दमा सुरू झाला. इतकी वर्षं धुरात बसल्यावर छातीनं किती सोसायचं? डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की आता जाळाजवळ जायचं नाही, उदबत्तीसुद्धा दुसऱ्या खोलीत लावायची. मला वाटलं, हिवाळाभर विश्रांती घेऊ आणि पुढच्या वर्षी बघू. धंदा काय, घरचाच आहे, पळून जातो कुठं?

तो पळून गेला नाही. सरळ दारात आला, चहा प्यायला आणि जावेचा हात धरून निघून गेला.

झालं असं. शिळफाट्याला नवीन बार्बेक्यू हॉटेल उघडणार होतं. त्याचा मॅनेजर कुणाकुणाकडे चौकशी करत आमच्या अंगणात आला आणि त्यानं विचारलं, "पोपटीवाल्या मावशी इथंच राहतात ना?" मी शाल गुंडाळून ओट्यावर बसले होते. त्याला हॉटेलात थंडीभर रोज पोपटी हवी होती, लोकांसमोर उघडून दाखवायची. लोकांसमोर! मी खोकत खोकत म्हटलं, "मला धूर वर्ज्य केलाय हो. पुढच्या वर्षी बघू." तो बिचारा उठायच्या बेतात होता. मंदा त्याच्यासाठी चहा घेऊन आली होती. कप त्याच्या हातात देता देता ती म्हणाली, "मी येते."

माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी मानेनं हो म्हटलं असतं. निदान मला तसं वाटतं. पण विचारणंच नाही! जणू काही ते वाक्य तिनं कपाबरोबर आतूनच भरून आणलं होतं.

त्या दिवसापासून मला जो जळफळाट सुटला तो सुटलाच. आमच्या धंद्यात जळण लागतंच, पण ते मडक्याच्या बाहेर असतं तोवर ठीक. मंदा सकाळी इस्त्रीची साडी नेसून निघायची तेव्हा मी मुद्दाम अंगण झाडायला काढायची. संध्याकाळी आली की तिच्या अंगाला धुराचा वास यायचा. मला त्या वासाचा खोकला यायचा आणि हेवाही वाटायचा, आणि दोन्ही एकाच छातीतून यायचं. तिच्या मुलानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात मंदा मडकं उघडतेय आणि लोक टाळ्या वाजवतायत. "मोठीआई, बघ ना, आईला कशी हजारो लोकं बघतात!" मी म्हटलं, "चष्मा नाय रं माझ्याजवळ." चष्मा डोळ्यांवरच होता.

संक्रांत झाल्यावर आमच्या बचत गटानं हळदीकुंकवाच्या निमित्तानं बाहेर जेवायला जायचं ठरवलं. कुठं, तर तिथंच. गटाची अध्यक्ष शोभा माझ्याकडे येऊन म्हणाली, "विमलवयनी, तुमाला यायलाच पायजे. घरचंच हाटेल हाय आपलं." घरचंच! मी आधी दम्याचं निमित्त सांगितलं. मग विचार केला, जावं आणि एकदा बघून यावं. खरं सांगते, मी चुका काढायला गेले. गॅसवर मडकं चढवत असतील, पाला कुठला तरी भलताच असेल, शेंगा गोठवलेल्या असतील. असल्या आशेवर मी ठेवणीतली साडी नेसले.

शोभाच्या भाच्याच्या इको गाडीत आम्ही बायका दाटीवाटीनं बसून बुधवारी दुपारी शिळफाट्याला पोचलो. हॉटेलच्या भिंती काळ्याकुट्ट. आमच्या भिंती धुरानं काळ्या झाल्या की आम्हाला लाज वाटते आणि आम्ही चुना मारतो. यांनी मुद्दाम रंग देऊन काळ्या केल्यात. दिवे टोपल्यांत घालून उलटे टांगलेले. टेबलाच्या मधोमध चौकोनी खड्डा. एक वेटर आला आणि त्या खड्ड्यात निखाऱ्यांची शेगडी ठेवून गेला. मग त्यावर सळया आल्या. सळयांत पनीर, कोळंबी, कोंबडी, ढबू मिरची, काय काय टोचलेलं.

"अगं बाय," शोभा म्हणाली, "हितं आपल्यालाच भाजायचं का? मग घरी काय वाईट होतं?"

मग भाजलेला अननस आला. आमच्यातली सुरेखा स्वभावानं सरळ. तिनं तो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "ह्याला कशापायी भाजला गं? कच्चा होता का?" पण खाल्ल्यावर तिनं दुसरी सळई मागितली.

टेबलावर एका छोट्या दांडीला कागदी झेंडा लावलेला होता. वेटरनं समजावून सांगितलं, "ताई, झेंडा उभा आहे तोवर आम्ही सळया आणत राहणार. पोट भरलं की तुम्ही झेंडा खाली करायचा, म्हणजे आम्ही थांबतो." झेंडा पिवळा होता आणि त्यावर हॉटेलचंच नाव होतं. पण सव्वीस जानेवारी तोंडावर आलेली, आणि शोभा ग्रामपंचायतीची माजी सदस्य. तिनं सगळ्यांना बजावलं, "झेंड्याला कुणी हात लावायचा नाय. झेंडा असा खरकट्या हातानं उतरवतात का?" झालं! आमचं पोट भरलं तरी सळया येतच राहिल्या. वेटर आणतोय आणि आम्ही खातोय. नको म्हणावं तर तो नम्रपणे झेंड्याकडे बोट दाखवायचा. सुरेखानं हात धुऊन, पुसून, उठून उभं राहून झेंडा उतरवायची तयारी दाखवली, पण शोभा म्हणाली, "सूर्य मावळायच्या आत उतरवला का चालतो, पन येवढी घाई नको."

मी हसत होते, पण माझं लक्ष आतल्या दाराकडे होतं. मंदा अजून दिसली नव्हती. शोभानं मला कोपरानं ढोसलं. "वयनी, ठाऊक हाय का, पयल्या दिवशी हितल्या मोठ्या कुकनं मडकं उघडायला घेतलं होतं. टोपीवाला. मंदानं त्याचा हातच धरला. म्हनाली, भरलं मी, उघडनार मी. नायतर ही मी चालली घरी. मॅनेजरनंपन मग तिलाच उघडू दिलं."

शोभाला वाटलं, मला अभिमान वाटेल. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तो दंडक आमच्या सासूबाईंचा, तो मान माझा. इतकी वर्षं मी तो सांभाळला आणि हिनं तो टोपीवाल्यासमोर मिरवला. अनोळखी माणसानं आपली वस्तू नेली तर चोर म्हणून ओरडता येतं. जावेनं नेली तर काय म्हणून ओरडायचं?

एवढ्यात गाणं बंद झालं. कुणीतरी घंटा वाजवली, आणि मॅनेजर मोठ्यानं म्हणाला, "आता मंदाकाकूंची पोपटी!" सगळ्या टेबलांवरचे मोबाईल वर झाले. मागच्या अंगणातून चाकांच्या गाडीवर उपडं मडकं आलं, अंगाला अजून पेंढ्याची राख. म्हणजे गॅसवरचं नव्हतं. माझी पहिली आशा तिथंच संपली. गाडीमागून मंदा आली. साडीवर काळा एप्रन, डोक्याला काळा रुमाल, आणि चालण्यात एक ऐट जी मी आमच्या अंगणात कधी पाहिली नव्हती. तिनं तांब्यातून पाणी घेऊन हबका मारला. चर्र! लोक ओरडले. तिनं मडकं सुलटं केलं.

त्या वेळी मी काय केलं ते लिहिते. कुणाला सांगितलेलं नाही. मी डोळे मिटून मनातल्या मनात म्हटलं, देवा, शेंग कच्ची निघू दे.

मंदानं पाला उपसला. वाफ उठली. भांबुर्डाच होता, ताजा; माझ्या नाकानं मी टेबलावरून ओळखला. सगळं हॉटेल पुढं वाकलं आणि म्हणालं, "आहाहा!" त्या आवाजाकडे माझी मान आपोआप वळली, नाव घेऊन हाक मारल्यावर वळते तशी. पण हाक मला नव्हती.

पोपटी आमच्या टेबलावर आली. मी शेंग सोलली. दाणा बोटानं दाबला. लोणी. अंड्यावर तांबूस डाग जिथं पडायला पाहिजेत तिथंच पडलेले. कोंबडी हाडापासून सुटलेली आणि तरी ओलसर. मी चव घेतली आणि माझं मन खट्टू झालं. वाईट झाली असती तर मी तिची कीव केली असती. माझ्याहून चांगली झाली असती तर मॅनेजरच्या महागड्या कोंबडीला दोष दिला असता. पण ती तंतोतंत माझ्यासारखी झाली होती. डोळे झाकून कुणी भरवली असती तर मी म्हटलं असतं, ही माझी. मग माझं असं वेगळं काय राहिलं? एक दमा तेवढा.

शोभा बोटं चाटत म्हणाली, "विमलवयनी, खरं सांगू का? तुमच्यापेक्षा..." आणि थांबली.

"माझ्यापेक्षा काय?"

"काय नाय. खा तुमी."

"नाय, सांग ना. माझ्यापेक्षा काय?"

"अगं बाय, घास तरी घ्या. थंड होईल."

तुमच्यापेक्षा चांगली? तुमच्यापेक्षा कमी? ते वाक्य शोभानं अजून पुरं केलेलं नाही. गटाच्या मीटिंगला ती समोर बसली की मी तिच्या तोंडाकडे बघत राहते.

लोकांचे फोटो काढून झाल्यावर मंदा आमच्या टेबलापाशी आली. आमच्यापुढचा सळयांचा ढीग आणि आमची कासावीस तोंडं बघून तिनं काही न विचारता तो पिवळा झेंडा उचलला आणि आडवा ठेवला. कुणाला काही झालं नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग ती माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. कपाळावर घाम, गालाला राख.

"कशी झालीय, वयनी?"

बायकांना असलं बरोबर कळतं. शोभानं हातातली शेंग ताटात ठेवली. मंदानं टाळ्या वाजवणाऱ्या एवढ्या लोकांतून कुणालाच विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. कारण त्या हॉटेलात पोपटी कळणारी बाई एकच होती, आणि ती मी होते. एक शब्द बोलायचा होता. 'चांगली' म्हणायला काय लागतं? जिभेवर आलाही होता.

"मीठ कमी हाय," मी म्हणाले.

पोपटीवालीला याच्याहून मोठं नाव ठेवता येत नाही. शेंग कच्ची राहिली तर जाळाला दोष देता येतो, करपली तर पेंढ्याला. पण मीठ पडतं ते भरतानाच, आणि एकदा तोंड बंद झालं की आत काही घालता येत नाही. मिठाची चूक म्हणजे हाताचीच चूक. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं.

"कमी नाय वयनी," मंदा शांतपणे म्हणाली.

"कमीच हाय."

शेजारून जाणाऱ्या वेटरनं ऐकलं. गिऱ्हाइकाची तक्रार म्हटल्यावर तो धावत जाऊन मिठाची वाटी घेऊन आला. मंदानं ती त्याच्या हातातून घेतली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. "घ्या. पायजे तेवढं."

आता सगळ्या बायका माझ्या हाताकडे बघत होत्या. कमी आहे म्हटल्यावर घालायला तर पाहिजेच. मी चिमूट घेतली आणि त्या रेशमासारख्या दाण्यांवर मीठ भुरभुरलं. मंदा बघत होती. मी आणखी एक चिमूट घातली. तशी तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. बाकीच्यांनी मुद्दाम आपापसात बोलायला सुरुवात केली.

मी पहिला घास घेतला. खारट! डोळ्यांत पाणी आलं. मी चावत राहिले.

मंदा हलक्या आवाजात बोलायला लागली. "वयनी, तुमचं मला कळतं. मला नाय कळनार तर कुनाला कळंल? मीपन लय जळली तुमच्यावर. आजची नाय, पयल्या ऑर्डरीपासून. त्या शेठच्या बापानं तुमच्या डोक्यावर हात ठेवला ना, तवा मी पेंढ्यामागं उभी राहून पायातले काटे काढीत होती. लोकं तुमच्याभवती वाकून आहाहा करायची आन् मी तिकडं राख ओढीत असायची. दर वख्ताला तुमी पाला उपसायला हात घातला का मी मनात म्हनायची, देवा, आज एकदा तरी शेंग कच्ची निघू दे."

माझा घास तोंडातच थांबला.

"कदी निघाली नाय मेली," ती म्हणाली आणि हसली.

मला हसता आलं नाही. मी तिला सांगायला हवं होतं, की थोड्या वेळापूर्वी याच टेबलावर बसून, याच शब्दांत, मी काय मागितलं. नाही सांगितलं. तिनं इतकी वर्षं पोटात ठेवलं, मला निदान ते जेवण पुरं होईपर्यंत तरी ठेवता येईल असं वाटलं. मी दुसरा घास घेतला, मग तिसरा. ताटातली एकही शेंग बाजूला सारता येत नव्हती, कारण माझ्याच हातानं खारट केलेल्या होत्या आणि ती समोर बसून बघत होती.

आतून मॅनेजरनं हाक मारली, "मंदाकाकू, दुसरं मडकं तयार आहे!" ती उठली, एप्रनला हात पुसले, जायला निघाली आणि माझ्या ताटावर वाकली.

"आता बरोबर झालं का मीठ?"

"आता झालं," मी म्हणाले, आणि पाण्याची बाटली जवळ ओढून पुढची शेंग सोलली.